तळ्याची आण

फाल्गुन सरता सरता रानजाईगडावर पहाट व्हायची ती आधी तळ्यावर आणि मग गडावर. डोंगर अजून काळोखात बुडालेला असे, बुरूज, तट, सदर यांतलं काही नजरेला येत नसे, आणि खाली साळपेठेच्या उशाला बाईसाहेबांच्या तळ्याचं पाणी मात्र उजळू लागलेलं असे. इतकं की महादरवाज्यावरचे पहारेकरी पूर्वेकडे न बघता तळ्याकडे बघून पहारा बदलीत. त्या दिवशी किल्लेदार सुभानजी नाईक माचीवर उभा राहून त्याच पाण्याकडे बघत होता, आणि ते तळं फोडण्याचा हुकूम त्याच्या शेल्यात खोचलेला होता.

हुकूम घेऊन आले होते दिनकरपंत मुतालिक. राजधानीहून पालखीने आलेले, बोलणं मधाळ, चेहरा सदा प्रसन्न. गनिमाची फौज घाट चढते आहे, नदी आटली आहे, आसपासच्या मुलखात घोड्यांना पुरेल एवढं पाणी या तळ्याशिवाय कुठे नाही, तळं कोरडं असलं तर गनीम आल्या पावली तहानेने परतेल, सबब बांध फोडावा, असा सरकारचा विचार त्यांनी सांगितला. शिपाईगिरीच्या नजरेने पाहता यात खोट काढण्याजोगं काही नव्हतं. आणि सुभानजी तर आयुष्यभर शिपाईच होता. तरी रात्रभर त्याचा डोळा लागला नाही, कारण ते तळं म्हणजे नुसतं पाणी नव्हतं.

सुभानजीच्या मिशा काळ्या होत्या तेव्हाची गोष्ट. गडाखालच्या माळावर तेव्हा कैक वर्षं मोठी लष्करी छावणी असे, आणि साळपेठेतले साळी त्या छावणीसाठी तंबू, पागोटी, घोड्यांच्या झुली विणत. दिवसभर माग चालत आणि पेठेत माणूस माणसाला धक्का दिल्याशिवाय चालत नसे. मग तह झाला. छावणी उठली. ज्या तहाबद्दल राजधानीत हत्तीवरून साखर वाटली, त्या तहाने साळपेठ बसली. कापडाला गिऱ्हाईक उरलं नाही, सावकारांनी दुकानांची दारं लावून घेतली, नाणं बाजारातून जणू हवेत विरून गेलं. आणि गंमत अशी, म्हणजे ज्यांच्यावर बेतली नाही त्यांच्या लेखी गंमत, की त्या साली जोंधळा उदंड पिकला होता. बाजारात तो मातीमोल पडून होता आणि घरोघर चुली थंड होत्या. दुष्काळात माणूस निदान आभाळाला शिव्या देतो. इथे आभाळाने आपलं काम चोख केलं होतं.

तेव्हा एका सकाळी ठकूबाई साळीण आपल्या मागाची लाकडं डोक्यावर घेऊन गड चढून आली, ती महादरवाज्यासमोर टाकली आणि फतकल मारून बसली. बाईसाहेब, म्हणजे धाकट्या धन्याच्या नावाने राज्य चालवणाऱ्या त्याच्या आजी, तेव्हा गडावर मुक्कामाला होत्या. त्या मेण्यातून उतरल्या तेव्हा ठकूबाई एवढंच म्हणाली, "ही लाकडं जाळून एका वक्ताची भाकर व्हईल, आईसाहेब. मंग काय जाळू, ते तुमीच सांगा."

बाईसाहेबांनी कारभाऱ्यांचा सल्ला घेतला आणि तो मोडला. गडाचा अंबारखाना उघडला. पण धान्य फुकट वाटलं नाही. त्यांना माणसांची मान खाली गेलेली आवडत नसे. त्यांनी तळ्याचं काम काढलं. पुरुष, बाया, साळी, कुणबी, महार, मांग, जो येईल त्याने माती वाहावी, दगड फोडावा, आणि सूर्य मावळायच्या आत आपलं धान्य मापून घ्यावं. उद्यावर काही ठेवायचं नाही हा त्यांचा दंडक. देखरेखीला सुभानजी. त्या मुलखात माणसं पिढ्यान्‌पिढ्या सरकारवेठ करीत आली होती. हाक आली की नांगर सोडून जायचं, ओझी वाहायची, आणि परतताना हाती काही नाही. सरकारकामाचं मोल मिळतं हे त्यांना सांगूनसुद्धा पटेना. पहिल्या संध्याकाळी धान्य पदरात पडलं तेव्हा एक म्हातारा ते घेऊन तसाच उभा राहिला. जा म्हटलं तरी जाईना. हे परत तर मागणार नाहीत ना, असं त्याने सुभानजीला हळूच विचारलं.

ठकूबाईचा नवरा त्याच बांधाच्या दगडाखाली सापडून गेला. सुतक फिटल्यावर ती पुन्हा पाटी घेऊन कामावर हजर झाली.

तळं भरलं त्या वर्षी बाईसाहेबांनी वेठ कायमची उठवली, मागावरची पट्टी माफ केली, आणि लोकांची खात्री पटावी म्हणून आपल्या वतीने सुभानजीच्या ओंजळीत बेलभंडार देऊन बांधावर, भर गर्दीत, शपथ घ्यायला लावली. कारभाऱ्यांनी शब्द तयार ठेवले होते: चंद्रसूर्य असेतोवर. तेव्हा ठकूबाई गर्दीतून पुढे झाली. "चंद्रसूर्य तुमचं सरकारचं," ती म्हणाली. "ते कुणी बांधलं ते आमाला ठावं न्हाई. ह्ये तळं आमी बांधलंय. नाईक, तळ्याची आण घ्या." लोकांनी माना डोलावल्या. बाईसाहेब हसल्या आणि म्हणाल्या, तसंच घ्या. आणि सुभानजीने बेलभंडार कपाळाला लावून म्हटलं, या तळ्यात पाणी आहे तोवर रानजाईच्या मुलखात कुणी कुणाला वेठीला धरणार नाही.

चंद्रसूर्य फोडता येत नाहीत, आणि तळं फोडता येतं, हे त्या दिवशी कुणाच्याच मनात आलं नाही. आपल्या हाताने बांधलेल्या गोष्टीवर माणसाचा जरा जास्तच विश्वास असतो.

पुढे बाईसाहेब निवर्तल्या. नातू गादीवर आला. पण तळं राहिलं आणि शपथही राहिली. पेठ पुन्हा उभी राहिली, पाटाच्या पाण्यावर ऊस दिसू लागला, आणि याहून मोठी गोष्ट म्हणजे माणसं बदलली. रानजाईचा माणूस सरकारी शिपायाने हाक मारली तर आधी विचारी, काम कोणतं आणि मोल काय. उर्मटपणा म्हणून नव्हे, नुसतं माहिती करून घ्यायला. शेजारच्या परगण्यांत मात्र वेठ चालूच होती आणि तिथे आता पुन्हा पेठा बसल्या होत्या, लोक कंदमुळं उकडून खात होते. आणि तिथलीही माणसं आपसांत कुजबुजू लागली होती, की रानजाईला जे आहे ते आपल्याला का नाही.

हे सगळं सुभानजीला ठाऊक होतं. तरीही गनीम खरोखर येत असेल तर गड वाचवणं पहिलं, असं मनाला बजावून तो माचीवरून परतला, तोच त्याने घाटाकडे पाठवलेला जासूद धुळीने माखून समोर आला. मुजरा करून म्हणाला, "नाईक, घाटात चिटपाखरू न्हाई. गनिमाची फौज मागल्याच पंधरवड्यात माघारी फिरली. तिकडच्या ठाण्यात सांगत्यात, राजधानीला तवाच कळवलंय म्हणून."

सुभानजी तडक सदरेवर गेला.

दिनकरपंत नुकतेच स्नान उरकून, गंध लावून गादीवर टेकले होते. सुभानजीने मुजरा केला आणि ऐकलेलं सांगितलं. मुतालिकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विड्याचं पान पुसत म्हणाले, "बसा, नाईक. आपण जुने, निष्ठावंत. आपल्यापासून काय लपवायचं? गनीम गेला हे श्रीमंतांना ठाऊक आहे."

"मग तळं का फोडायचं?"

"श्रीमंतांना राजधानीत नवा महाल बांधायचा आहे, आणि खजिन्याची अवस्था आपण जाणताच. दगड हवा, तो या बांधात घडवलेला तयार आहे. माणसं हवीत, ती या मुलखात आहेत. पण ती फुकट हात लावीत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं बघून शेजारचे परगणे बिघडू लागले. ही रीत सगळ्या राज्यात पसरली तर राज्य चालायचं कसं?" मुतालिकांनी आवाज आणखी मऊ केला. "आजीसाहेबांचा शब्द मोडणं श्रीमंतांना पसंत नाही. आपली शपथ मोडावी असंही आम्ही म्हणत नाही. तळ्यात पाणी आहे तोवर, असंच आपण म्हणालात ना? मग पाणी गेलं की आपण मोकळे. यात कुणाचाच धर्म बुडत नाही."

सुभानजीला राग आला असं म्हणणं पुरेसं होणार नाही. त्याला लाज वाटली. इतकी वर्षं जो शब्द आपण अभिमानाने मिरवला त्याला एवढं मोठं भोक होतं आणि ते या गोऱ्यागोमट्या माणसाला पहिल्याच नजरेत दिसलं. तो म्हणाला, "पंत, माझ्या लोकांपैकी कुणी त्या बांधावर पहार घालणार नाही."

"पहारीची गरज नाही. गडावर दारू आहे. उद्या सुरुंग लावू."

हुकमाची अवज्ञा केली तर किल्लेदारी आपल्या जागी दुसऱ्याला देऊन मुतालिक आपलं काम करून घेणार, हे सुभानजीला कळत होतं. त्याने मान लववली, "आज्ञा," म्हणाला आणि बाहेर पडला. मुतालिकांना ते फार आवडलं. दुपारी ते मनाजोगते जेवले आणि वामकुक्षी करायला आडवे झाले.

भर दुपारी गड सुस्तावलेला असताना सुभानजी टाक्यावर गेला, पाणक्याच्या रेड्याची दोरी त्याने आपल्या हाती घेतली आणि पाण्याने गच्च भरलेल्या पखाली घेऊन दारूखान्याकडे निघाला. पहारेकऱ्यांना वाटलं, उन्हाळ्यात भिंती गार ठेवायला पाणी मारतात तसं काही असेल. दारूखान्यात लोखंड न्यायचं नाही आणि पायताण घालायचं नाही असा गडाचा नियम होता. सुभानजीने तलवार उतरवली, जोडे काढले, दोन्ही दाराशी नीट ठेवले आणि आत गेला. त्याच तलवारीने त्याच्या बापाने हा गड राखला होता. आतल्या गार अंधारात त्याने एकेक बुधला उघडून दारू फरशीवर ओतली आणि पखालीचं तोंड सोडलं. रेडा शांतपणे उभा होता. पुन्हा टाक्यावर, पुन्हा आत, असं तो करीत राहिला, आणि पहारेकऱ्यांना शंका येऊन ते आत डोकावले तोवर सगळ्या गडाची दारू काळ्या चिखलासारखी त्याच्या घोट्यापर्यंत आली होती.

किल्लेदाराने यापेक्षा मोठा अपराध करायचा म्हटलं तरी करता येत नाही. सदरेवर त्याला आणलं तेव्हा त्याचे पाय काळे होते, हात काळे होते, आणि त्याने स्वतःच दोन्ही मनगटं पुढे केली.

"कुणाच्या हुकमाने हे केलंत?" मुतालिकांनी विचारलं.

"बाईसाहेबांच्या."

"बाईसाहेब कैलासवासी झाल्या, नाईक."

"शपथ अजून जिवंत आहे, पंत."

सदरेवरचे शिपाई खाली मान घालून उभे राहिले. त्यांतल्या काहींच्या आयांनी त्या तळ्यावर माती वाहिली होती. सुभानजीच्या पायांत बेड्या पडल्या. त्याला वाटलं होतं, कडेलोट होईल. त्याची तयारीही होती. नवी दारू राजधानीहून यायला वेळ लागेल, तोवर लोक जागे होतील, श्रीमंतांच्या पायांवर पडतील, काहीतरी होईल, एवढ्या आशेवर तो दरीत जायला राजी होता.

पण दिनकरपंत चिडले नाहीत. त्यांनी थोडा विचार केला आणि अंबारखाना उघडण्याचा हुकूम दिला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या परगण्यांत दवंडी पिटली गेली, की जो कुदळ घेऊन रानजाईच्या तळ्यावर येईल त्याला सूर्य मावळायच्या आत पोटभर धान्य मापून मिळेल. आणि माणसं आली. काठ्या टेकत आली, पोरं पाठीला बांधून आली, ज्यांना कुदळ उचलत नव्हती तीही आली. मुतालिकांनी बेड्यांसकट सुभानजीला बांधासमोरच्या उंचवट्यावर बसवलं होतं. त्याने बघावं एवढीच शिक्षा त्यांनी ठरवली होती. साळपेठ हातात काठ्या घेऊन बांधावर उभी होती, सगळ्यांच्या पुढे ठकूबाई. ती आता म्हातारी झाली होती.

समोरून येणाऱ्या बायकांकडे तिने पाहिलं. त्यांचे सुकलेले गळे, त्यांची काटकुळी मनगटं पाहिली. पहिली बाई जवळ आली आणि नजर न उचलता म्हणाली, "बाय, वाट दे. पोर दोन दिस उपाशी हाय."

ठकूबाईच्या हातातली काठी खाली आली. एकेक करून साळपेठेची माणसं बाजूला झाली, आणि सुभानजीलाही कुणाला थांबवावंसं वाटलं नाही. अडवायचं तरी कोणत्या तोंडाने? उपाशी माणसाला धान्याच्या बदल्यात कुदळ द्यायची ही रीत त्यांच्याच बाईसाहेबांनी घालून दिली होती. जे भुकेने बांधलं ते भुकेनेच फोडलं.

संध्याकाळी मुतालिक जातीने उभे राहिले आणि प्रत्येकाचं माप शिगोशीग भरून घातलं. कुणालाही कमी दिलं नाही. पाणी होतं तोवर एकाही माणसाला वेठीला धरलं नाही, असं त्यांनी नंतर श्रीमंतांना सांगितलं, आणि ते अक्षरशः खरं होतं.

बांध फुटला तेव्हा पाणी पेठेला घासून ओरडत गेलं. तळाशी चिखल उरला, चिखलात तडफडणारे मासे, आणि ते गोळा करायला धावलेली तीच उपाशी माणसं. त्यांना सोडलं नाही. साळपेठेला आणि त्यांना एकत्र वेढा घालून शिपायांनी सांगितलं, आता बांधाचा दगड राजधानीला न्यायचा. सरकारकाम आहे, निमूट उचला.

ठकूबाई कोरड्या काठावर बसली. "मोल काय?" तिने विचारलं. तिच्या शेजारी दुसरा बसला, मग तिसरा. बघता बघता सगळी पेठ खाली बसली, आणि काय चाललंय हे पुरतं न कळताही बाहेरची माणसं बसली. कुणी आरडाओरडा केला नाही. सुभानजीने हे पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्याचा ऊर भरून आला. शपथ गेली तरी ही माणसं उरली आहेत, असं त्याला वाटलं.

मग आसूड ओढला. शिपायांनी बाकी कुणाला हात लावला नाही, फक्त ठकूबाईला. पहिल्या फटक्याला ती नुसती हलली. नंतर ती मातीत पडली, उठून पुन्हा बसली, आणि पुन्हा पडली. मुतालिक सुभानजीजवळ आले. "म्हातारी आहे," ते हळहळून म्हणाले. "दुपारपर्यंत जाईल. आपण त्यांच्यासमोर एक दगड उचललात तर हे इथेच थांबेल. तोंडाने काही बोलायलाही नको."

ठकूबाईने ते ऐकलं. "नाईक," ती मातीतून म्हणाली, "उचलू नगा."

आसूड पुन्हा वर गेला. सुभानजी उठला, बेड्या ओढत बांधापर्यंत गेला, आणि एक दगड खांद्यावर घेतला. मोठा नव्हता. पण ज्याने शपथ घेतली तोच वाकला हे सगळ्यांनी पाहिलं, आणि एकामागून एक माणसं उठली. शेवटी ठकूबाईही उठली. तिने आपला दगड उचलला आणि त्याच्याकडे न पाहता पुढे चालू लागली. त्यानंतर ती जिवंत होती तोवर त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

महाल अर्धाच झाला. श्रीमंतांचं राज्य त्याआधीच बुडालं, मुतालिकांनी वेळेवर नव्या धन्याची चाकरी धरली, आणि साळपेठेतले बहुतेक साळी माग पाठीवर बांधून परमुलखात निघून गेले. उरले ते जाण्याइतकीही ताकद नसलेले. सुभानजी सुटला आणि त्यांच्यातच राहिला, पेठेच्या टोकाला, एका रिकाम्या घरात. लोक त्याला भाकर देत. रागाने कुणी बोललं नाही, आणि तेच त्याला सोसत नसे.

बऱ्याच वर्षांनी पुन्हा तसाच काळ आला, बाजार बसले, चुली विझल्या. नव्या सरकारचा एक तरुण मामलेदार धान्याच्या गाड्या घेऊन रानजाईला आला. माणूस भला होता. लोकांची दशा पाहून त्याचे डोळे भरून आले. तळं पुन्हा बांधायचं, रोजच्या रोज धान्य मापून द्यायचं, असं त्याने चावडीवर सांगितलं. लोकांनी दारांतून ऐकलं. कामावर कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, पुढे कधीच नाही. तेव्हा कुणीतरी त्याला म्हातारा किल्लेदार दाखवला.

"नाईक, आपण त्यांना समजावा," मामलेदार कळवळून म्हणाला. "माणसं डोळ्यांदेखत मरताहेत आणि धान्य समोर पडलं आहे. हे सरकार वेगळं आहे, एवढंच आपल्या तोंडून त्यांना सांगा. आपला शब्द ते ऐकतील."

सुभानजी भिंतीचा आधार घेऊन उठला. दारादारांत माणसं उभी होती, पोटं खपाटीला गेलेली, आणि सगळी त्याच्या तोंडाकडे बघत होती. सांगावं असं त्याला फार वाटलं. या पोराच्या डोळ्यांत कपट नव्हतं, हे त्याला दिसत होतं. पण बाईसाहेबांच्या डोळ्यांतही ते नव्हतं.

"राव," तो म्हणाला, "हे मलाच ठाऊक नाही. त्यांना काय सांगू?"

आणि तो खाली बसला. मामलेदार आठवडाभर थांबला; फुकट वाटायचा त्याला हुकूम नव्हता, मग त्याने धान्य पुन्हा पोत्यांत भरायला सांगितलं. ते भरायलासुद्धा त्याला बाहेरून माणसं आणावी लागली.